तेविसावी जाहिरात

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे थेंब घालून बाकावर बसवलेल्या ग्रंथपालबाईंना डोळे उघडायची मनाई होती, तेव्हा कान आपोआप शेजारी गेले. तिथं एका घड्याळजींनाही थेंब घातले होते आणि सोबत त्यांची धाकटी लेक होती.

“अगं, आता माझ्या वेबसाइटवर माझीच सत्ता! कुठली जाहिरात ठेवायची, कुठली हाकलायची, ते मी ठरवणार. नवीन बटणच आलंय!”

“बाबा, डोळे मिटा.”

“मिटलेत गं. इतके दिवस लोक घड्याळदुरुस्ती शिकायला यायचे आणि बाजूला जुगार नाचायचा. मान खाली घालायची पाळी! आज सकाळपासून तेवीस हाकलल्या.”

“तेवीस?”

“शेवटची तर बायकांच्या आतल्या कपड्यांची. निळ्या चौकटीत! तिला कायमची घरी बसवली.”

“निळ्या चौकटीत? पूर्ण वाचलीत तरी का?”

“पहिला शब्द वाचला नि दाबलं बटण! त्यात वाचायचंय काय?”

“बाबा, ती ताईची होती. छातीचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी शिवते ना ती. ऑपरेशननंतर आई वर्षभर घराबाहेर पडत नव्हती. ताईनं पहिली ब्रा तिलाच शिवून दिली, तेव्हा कुठं बाहेर पडली.”

घड्याळजींनी खिसा चाचपून फोन काढल्याचं बाईंना ऐकू आलं.

“डोळे कधी उघडायचे?”

“अजून वीस मिनिटं. द्या फोन, मी परत आणते ती जाहिरात.”

“नको. घालवली मी, आणणार मीच. तू फक्त माझं बोट धरून बटणावर ठेव.”