आतडी आत गेली

परळच्या इस्पितळात औषधांच्या खिडकीसमोर रांग होती. सुमतीच्या पुढे एक म्हातारी उभी होती. वॉर्डातून तिचा मुलगा धावतच आला.

"आये, ऑपरेशन झालं! आतडी पोटात गेली. पोर रडलं!"

"देवा रवळनाथा, पावलास रे बाबा."

"आता तुझ्या सुनेला बोल लावू नको."

"का नको? लक्ष्मी ग्रहणात विळीवर बसली, म्हणूनच पोराची आतडी बेंबीबाहेर राहिली."

"ग्रहण सातव्या महिन्यात होतं गो. डॉक्टर म्हणाले, गर्भात सगळ्यांचीच आतडी आधी नाळेत वाढतात, नि तिसऱ्या महिन्यात आपसूक पोटात जातात. याची तेवढी राहून गेली."

"सगळ्यांची? तुझीपण?"

"माझीपण, तुझीपण."

"मग तिसऱ्या महिन्यात काहीतरी केलं असणार तिनं."

"तिसऱ्या महिन्यात तू तिला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला नेली होतीस."

रांग पुढे सरकली, म्हातारी जागची हलली नाही. सुमतीनंही तिला सरका म्हटलं नाही.

"डॉक्टर आणखी काय म्हणाले रे?"

"यात कुणाचाच दोष नसतो म्हणाले."

"मग ते आधी सांगायचं ना, मेल्या! चल, लक्ष्मीला सांगूया. बिचारी सकाळपासून रडतेय."