वहिनींची मिशी

बसा की, त्या सिंहासनावरच बसा, दुकानात दुसरी खुर्ची नाही, एक होती ती शाळेनं कोर्टाच्या सीनसाठी नेलीय आणि न्यायाधीश अजून उठायला तयार नाही. घाबरू नका, मोडत नाही ते, पाठ तेवढी थर्माकोलची आहे, बूड लाकडाचं आहे. तर काय सांगू तुम्हाला, माझं नाव दिगंबर, पण इथं हैदराबादच्या नारायणगुड्यात हे नाव विचारत फिरलात तर संध्याकाळ होईल, ड्रेसवाले अंकल म्हणा, पानवाला हात धरून आणून सोडेल. शाळांच्या गॅदरिंगला जेवढे राजे, जेवढे हनुमान, जेवढे पोलीस स्टेजवर चढतात त्यांचे कपडे इथून जातात, आणि परत येतात तेव्हा हनुमानाची शेपूट पोलिसाच्या पिशवीत असते.

मूळचे आम्ही नारायणखेडच्या पलीकडचे, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून आमचं खेडं, निजामाच्या काळापासून आमचे लोक तिथं ज्वारी पिकवतात. घरात मराठी, शेतात तेलुगू, बाजारात कन्नड आणि भांडायला दखनी, असं आमचं. मला शेताचं वेड कधी नव्हतं, मला वेड सोंगांचं. आमच्या गावात होळीनंतर सोंगं निघतात, कुणी सावकार होतो, कुणी फौजदार होतो, आणि तिथं एक नियम आहे, तो नीट ऐका, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. एकदा तोंड रंगवलं की तो माणूस तो राहत नाही. मग त्यानं कुणालाही काहीही बोलावं, सोंगाला राग धरायचा नाही. मी लहानपणी आमच्या मास्तरांचं सोंग घेऊन खुद्द मास्तरांना अंगठे धरायला लावले होते, आणि धरले हो त्यांनी, सगळ्या गावादेखत, धोतर सावरत. त्या दिवशीच ठरवलं, आपण हाच धंदा करायचा.

तर हैदराबादला आलो, दुसऱ्याच्या दुकानात मिशा चिकटवता चिकटवता स्वतःचं दुकान टाकलं, ते सगळं सोडा, कंटाळवाणं आहे. मजा पुढं आहे. नल्लकुंट्यात एक छोटी संस्था आहे, खेड्यापाड्यांत जाऊन लोकांना सांगतात की बाबांनो ग्रामसभेला या, बसा, विचारा, गाव तुमचं आहे. तिथल्या सुनीता मॅडम, तेलुगू पोरगी, माझ्या मुलीच्या वयाची, आधी भाषणं करायची. भाषण सुरू झालं की लोक म्हशी सोडायला जायचे. एकदा माझ्याकडं कंडुवा भाड्यानं घ्यायला आली, तो पुढारी लोक खांद्यावर टाकतात तो पांढरा पंचा, आणि मी म्हटलं मॅडम, नुसता कंडुवा नेऊन काय होणार, त्याच्याखाली खांदा पाहिजे. तेव्हापासून तो खांदा माझा. आम्ही गावोगाव खोटी ग्रामसभा भरवतो, मी सरपंच होतो, झुपकेदार मिशी लावतो, आणि गावकरी मला प्रश्न विचारतात. आज खोट्या सरपंचाला विचारलं की उद्या खऱ्याला विचारायला जीभ उचलते.

हौ, आणि मग पाळी आली माझ्याच गावाची.

आता आमच्या गावचे सरपंच कोण, तर माझ्या वहिनी. थोरल्या दादांची बायको. जागा बाईसाठी राखीव झाली, दादांनी वहिनींना उभं केलं, त्या निवडून आल्या, आणि गाव दादांना सरपंचसाब म्हणायला लागलं. मारुतीच्या देवळापुढं पार आहे, त्यावर ग्रामसभा भरते, आणि आमच्याकडं पारावर बाई चढत नाही, कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण चढत नाही. मग सरपंच खाली सतरंजीवर डोक्यावर पदर घेऊन बसणार आणि सरपंचाचा नवरा वर खुर्चीत बसून कारभार करणार. दादा वाईट नाहीत हो, नक्को तसं समजू, मला शिकवलं ते त्यांनीच. पण त्यांना कुणी काही सांगत नाही, आणि ज्याला कुणी काही सांगत नाही त्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

ठीक कुठलं. पूर्वी नारायणखेडहून येणारी बस थेट देवळापर्यंत यायची, मैदानात लिंबाला वळसा घालून परत जायची. त्या मैदानात दादांनी कडब्याची गंजी रचली, घराजवळ बरी पडते म्हणून. दर वर्षी ती थोडी थोडी लठ्ठ होत गेली, आमच्या दादांसारखीच, आणि एक दिवस ड्रायव्हरला रिव्हर्स घेताना घाम फुटला आणि त्यानं बस फाट्यावरूनच वळवायला सुरुवात केली. फाटा लांब, वाट उसातून. आणि त्याच वर्षी माझी पुतणी वर्षा, दादांचीच लेक, दहावी झाली. इंटर, म्हणजे अकरावी-बारावी, करायचं तर नारायणखेडला रोज जायला पाहिजे. दादा म्हणाले, पोरगी एकटी फाट्यापर्यंत कशी जाणार, पुढं बघू. आमच्या घरात पुढं बघू म्हणजे नाही. ॲडमिशन बंद व्हायला आठवडा उरला होता. बस का येत नाही हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं, त्याच तो कडबा ओढायच्या. पण ग्रामसभेत प्रश्न निघाला की दादा म्हणायचे, डेपोला कळवू.

वर्षानं मला फोनवर रडत सांगितलं, काका, काहीतरी करा. मी काय करणार, मला एकच गोष्ट येते. गावात पोचलो आणि माझा घसा बसला. म्हणजे बसवला. मॅडमना खुणा करून सांगितलं, आवाज गेला, सरपंचाचं काम गावातल्याच कुणाला तरी द्यावं लागेल, आणि ज्याला ग्रामसभा तोंडपाठ आहे असं माणूस एकच आहे. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, वेड लागलं का, पारावर बाई चढत नाही. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, बाई कुठं चढतेय, सोंग चढतंय. दादा खो खो हसले, म्हणाले घ्या घ्या, बघू तरी आमची सरपंच कशी दिसते. झालं, परवानगीच मिळाली.

मी स्वतः डिंक लावून मिशी चिकटवली, खांद्यावर कंडुवा टाकला. आणि काय सांगू तुम्हाला, त्या बाईनं पारावर पाय ठेवला, कंडुवा झटकला आणि ती दादांसारखं खाकरली, अगदी तेच खाकरणं, आधी बारीक, मग मोठं. गाव लोटपोट. दादा सगळ्यांत जास्त हसत होते. एवढी वर्षं पदराआडून ती बाई बघत होती, बघा. आमच्या गिरजाआत्या, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, त्यांनी खालून विचारलं, सरपंचसाब, बस का येत नाही हो. वहिनी म्हणाल्या, डेपोला कळवू. पुन्हा हशा. पाणी का येत नाही, डेपोला कळवू. जावई का येत नाही, डेपोला कळवू. मला राहवलं नाही, मी खणखणीत आवाजात वाहवा वहिनी म्हणून ओरडलो आणि मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं की घसा खरंच बसला.

तेवढ्यात वर्षा उठली. हे ठरलेलं नव्हतं. ती म्हणाली, सरपंचसाब, मग मी कॉलेजला कशी जाऊ.

वहिनी थांबल्या. बोट मिशीवर गेलं, जणू ती जागेवर आहे का बघत होत्या. मग सावकाश बोलल्या. बस येत नाही कारण तिला वळायला जागा नाही. जागा आहे, पण तिथं माझी गंजी आहे. आणि ती हलवा म्हणून मला सांगायची या गावात कुणाची छाती नाही, माझ्या घरातल्या बाईचीसुद्धा नाही.

सगळ्या माना दादांकडं. दादांचा चेहरा लाल, पण करणार काय, सोंगाला राग धरायचा नाही, हा नियम त्यांच्या आज्याच्याही आधीचा. उठले, घरी गेले. जेवताना एकच वाक्य बोलले, मिशी शोभत होती. वहिनी खोबरेल लावून डिंक काढत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. आता ही तारीफ का धमकी, आम्हाला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी ग्रामसभा. एरवी चार डोकी यायची, त्या दिवशी देवळातल्या सतरंज्या कमी पडल्या, लोकांना वाटलं नाटकाचा दुसरा अंक आहे. बायकासुद्धा लेकरं काखेला मारून आल्या. दादा वर खुर्चीत, शेजारी पंचायतीचे सेक्रेटरी, वहिनी खाली. गिरजाआत्यांनी विचारलं, बसचं काय. दादांच्या तोंडून सवयीनं निघालं, डेपोला, आणि पुढचा शब्द निघेना, कारण गावाच्या पोटात हसू दाटलं होतं.

वहिनी उठल्या. पाराच्या पायरीपाशी आल्या आणि थबकल्या. माझ्या खिशात मिशी होती, मी पुढं झालो, म्हटलं घ्या वहिनी. त्यांनी ती घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग चपला खाली काढल्या, देवळात जाताना काढतात तशा, आणि पायरी चढून वर गेल्या. मिशी दादांच्या तळहातावर ठेवली. म्हणाल्या, ही तुम्ही धरा. मला बोलायचंय, आणि मागाहून कुणी म्हणायला नको की सोंग बोललं.

मग गावाकडं वळून म्हणाल्या, गंजी आमची आहे, उद्या हलवतो. मैदान बसचं. सेक्रेटरीसाब, ठराव लिहा, ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा.

बायकांचे हात आधी वर गेले, बांगड्यांचा काय आवाज. वर्षानं तर दोन्ही हात वर केले, मॅडमनी खाली ओढले, अगं तुला अजून मत नाही. आणि दादा. एका हातात मिशी, ती मुठीत धरून बसलेले, बघतायत बायकोकडं, ही कोण बाई म्हणून. मग दुसरा हात वर गेला. हळू गेला, पण गेला, माझ्या डोळ्यांदेखत.

गंजी हलवायला सगळं गाव लोटलं, पेंढीमागून पेंढी, तळातून एक मुंगूस निघालं आणि सरळ मारुतीच्या देवळात शिरलं. ठराव डेपोला गेला, खरोखरीच कळवलं की हो या वेळी. पहिली बस आली तेव्हा गिरजाआत्यांनी टायरला कुंकू लावलं, आणि ड्रायव्हरनं लिंबाला एक वळसा घालून गाडी थांबवायच्या ऐवजी पोरासोरांनी ओरडा केला म्हणून आणखी एक घातला. वर्षाची ॲडमिशन झाली, आता ती इंटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सिविक्स घेतलंय, आणि मला फोनवर कायदा शिकवते.

आता ग्रामसभेची सतरंजी पारावरच अंथरतात, सगळ्यांसाठी. गिरजाआत्यांना वर चढवायला दोघं लागतात, पण त्या वरच बसतात, म्हणतात आयुष्यभर खालून बघितलं, आता हवा खाऊ दे. दर वेळी भांडणं होतात, गटारावरून, दिव्यावरून, होऊ देत, भांडायला तरी लोक येतात. मॅडम म्हणतात अंकल, हेच तर पाहिजे होतं.

आणि ती मिशी मला परत मिळालीच नाही. वहिनींनी ओसरीवरच्या खुंटीला अडकवून ठेवलीय. इथली एक शाळा रोज फोन करते, अंकल, आमच्या टिळकांना मिशी नाही, मी म्हणतो ती सरकारी कामात आहे, दुसरी देतो. परवा गावी गेलो होतो, ओसरीवर बसलो होतो, कुणीतरी पाण्याच्या टाकीचं विचारायला आलं. दादा सवयीनं खाकरले, आधी बारीक, मग मोठं. मग नजर खुंटीवर गेली. आणि त्या माणसाला म्हणाले, थांबा जरा, सरपंच आत आहेत, बोलावतो.

देव त्या मिशीला उदंड आयुष्य देवो. उठा आता, सिंहासन सोडा, शाळेची रिक्षा आलीय.