शांत खोलीची फीत

नंदुरबारकडच्या एका दवाखान्यात, स्वमग्नतेच्या दाखल्याच्या रांगेत, माझ्यापुढची आई शिपायाशी बोलत होती. भिंतीवरचा भोंगा नंबर पुकारत होता आणि तिची काजल कान दाबून बाकाखाली शिरली होती.

“पितांबरभाऊ, ती शांत खोली उघडा. नंबर येवापर्यंत पोरले तठे बसू द्या.”

“फीत कापानी बाकी शे, ताई. सोमवारी साहेब येतीन.”

“खोली होळीलेच तयार व्हई गई. आते पोळा उना.”

“मंग तिले बाहेर न्या.”

“बाहेर गऊ तं नंबर चुकस. मांगला महिनाले असंच परत गऊत.”

“मी काय करू? कार्यक्रम मोठा शे. मांडव शे, बँड बी सांगेल शे.”

“शांत खोलीले बँड?”

“साहेब येतस तं वाजंत्री पाहिजेच.”

“तुम्ही वाकीसन एकदाव देखा तिले. मंग सांगा, खोली साहेबनी का मन्ही पोरनी.”

“ताई, फीतले हात लावू नका. ताई.”

लाल फीत फरशीवर पडली. काजल आईच्या हाताखालून आत गेली.

“आते साहेबले मी काय सांगू?”

“सांगा, उद्घाटन व्हई गय. नंबर उना की हात दखाडा. आनि दार हळू लोटा.”