डागाची पानं

नाही नाही, साहेब, ती खुर्ची डुगडुगते, तुम्ही त्या पिंपावर बसा – हां. तर तुम्ही तपासणी समितीचे, मग माझंही गाऱ्हाणं ऐकूनच जा. एकतीस वर्षं संशोधनाच्या काचघरात माळीकाम केलं मी, आणि आता गेटापाशी शोभेच्या कुंड्यांना पाणी घालते. कुणी आणून बसवलं इथे? माझ्या सख्ख्या भाचीनं. बहीण गेली तेव्हा पोर सात वर्षांची, मी वाढवली, शिकवली, डॉक्टर झाली – माणसांची नाही हो, झाडांची – आणि मोठी झाल्यावर केलं काय, तर मावशीची बदली. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

तिचा बटाटा तुम्हाला ठाऊकच असणार. रानटी बटाट्यातला एक गुण काढून आपल्यात घातला, म्हणजे करपा येणार नाही, आणि दुसरा कुठला तरी घातला, म्हणजे आतून पिवळा निघतो, लहान मुलांच्या डोळ्यांना चांगला – हे मला तिनंच समजावलं, जेवता जेवता, उकडलेला बटाटा हातात धरून. तर काचघरात दोन रांगा. डावीकडे साधी झाडं, उजवीकडे नवी. दोन्हींवर करप्याचं, म्हणजे तो रोग कालवलेलं, पाणी मुद्दाम फवारायचं आणि रोज सकाळी सातला तिनं येऊन डाग मोजायचे. मला बजावलं होतं – मावशी, साध्या रांगेला हात लावायचा नाही, मरू दे मरतात तर. जीव तुटायचा, पण नाही लावला. नव्या रांगेचं मात्र कुणी काही बोललं नव्हतं, मग ती मी नीट ठेवली. नीट म्हणजे काय, डागाचं पान दिसलं की खुडायचं – माळ्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते. फार नसायची, ओंजळभर. सातच्या आत खुडून जाळायच्या कचऱ्यात टाकायची, म्हणजे ती येईपर्यंत रांग लख्ख. चोवीस दिवस, एक खाडा नाही. आणि पेपरात फोटो कुणाचा? तिचा, तिच्या साहेबांचा आणि झाडांचा.

तिला माहीत नव्हतं? वा, माहीत नसायला काय झालं. शेवटच्या आठवड्यात एकदा लवकर आली, दारातच उभी राहिली. माझ्या एप्रनचा खिसा पानांनी भरलेला. बघितलं तिनं, चांगलं बघितलं, पांढरीफटक पडली. मग जवळ आली, खिशातली पानं स्वतःच्या हातानं काढून कचऱ्यात टाकली, आणि बसली मोजायला. त्याच महिन्यात बदलीचा कागद. आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

लिहायचं का थांबलात? काय – शेतात? नवी झाडं सगळीच गेली? करप्यानंच? पण ती झाडं तर... म्हणजे मी रोज जी खुडत होते, तीच तिला मोजायची होती. अगं बाई. अहो, मला वाटलं, चार डाग कुठल्याही झाडाला पडतातच, आपल्याला नाही का सर्दी होत – मला कुणी सांगितलंच नाही. तिनंही नाही.

हा कागद कसला? सही तिची आहे. थांबा, चष्मा – ‘संबंधित कर्मचारी महिलेने आमच्या नकळत...’ संबंधित. आमच्या नकळत?

साहेब, ते दारातलं मघाशी मी बोलले ना, तेवढं खोडा. म्हातारं माणूस, काहीही बरळतं. तिची नोकरी जाईल हो, घर तिच्याच पगारावर – खोडलंत? नाही ना? मग थांबा. नका खोडू. कर्मचारी महिला म्हणे, माझ्या मांडीवर बसून अक्षरं गिरवलीत हिनं. लिहा तुम्ही. सकाळी पावणेसात, काचघराचं दार, हातात चहाचे दोन कप. एक माझ्यासाठी आणला होता. दोन्ही उंबऱ्यावर ठेवून ती आत आली. झालं लिहून? मग या आता तुम्ही.