वेगळा संघ

बेसबॉलचा इतिहास आख्ख्या धाड गावात माझ्याएवढा कोणालाच ठाऊक नव्हता. म्हणजे त्याचं एकच पुस्तक गावात, तेही इंग्रजी, म्हणून मी नुसते फोटो पाहायचो. कोंबड्या पाळायला शिकवणारा एक अमेरिकन पोरगा जाताना ते गुरुजींना देऊन गेला होता. गुरुजी दोन ओळी वाचत अन् तिसरीला खोकत.

एकदा हुतूतूच्या मैदानावर मी एका फोटोवर बोट ठेवलं. "हे सारे काळेच खेळाडू काऊन हो, गुरुजी?"

"तवा गोरे त्यायले संघात घेतच नव्हते. मंग त्यायनं आपला वेगळा संघ काढला."

मी भडकलोच. "काय नालायक लोक हायत! खेळात कायची जात?"

बाजूला किसना चुन्याच्या फक्कीनं मैदानाच्या रेषा आखून राह्यला होता. गावात त्याच्याएवढा चपळ कोणी नव्हता, पण बौद्धवाड्यातला म्हणून आम्ही त्याला कधी खेळायला घेतलं नाही. मी त्यालाच म्हणालो, "आयकलं का बे किसन्या, अमेरिकेत काय अंधेर होता थो?"

त्यानं फक्कीचं घमेलं माझ्या पायाशी आपटलं. फक्की उडाली; माझं धोतर पांढरंच होतं म्हणून बरं.

"अमेरिकेले शिव्या मंग द्या, भाऊ. हा मी आलो रेषेच्या आत. माही तंगडी कोण धरते, थे सांगा."