सगुणा मॅडमनी मागे घेतलेला शोध

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन आदरणीय हरेश्वरनाना, व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिका मृणालीताई, जिच्यासाठी हा मांडव घातला ती काशीदची लेक, म्हणजे आमच्या डॉ. सगुणा नाखवा मॅडम, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री आवडाबाई आणि जमलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी प्राप्ती, बोर्ली पंचतनची. मॅडमची विद्यार्थिनी. त्या निवृत्त झाल्यापासून त्यांची प्रयोगशाळा मी सांभाळते. नानांनी थोडक्यात आटपायला बजावलंय, आणि मागे रश्श्याचा वासही सुटलाय. तेव्हा एकच गोष्ट सांगते.

आवडाबाई मुरूडच्या बाजारात मासळी विकायच्या. पुढे त्यांचा उजवा हात थरथरू लागला, सुरीखाली पापलेट ठरेना. हात का थरथरतो, या प्रश्नाच्या मागे मॅडम लागल्या त्या कायमच्या. मेंदूतल्या पेशींना लांब तंतू असतात, त्यांतून सतत मालाची ने-आण चालते. ती एका प्रथिनामुळे अडते, असं मॅडमनी दाखवलं. मोठं नाव झालं.

मी पीएचडीला आले आणि तोच प्रयोग नव्याने केला. जमेना. पुन्हा केला, तरी जमेना. शेवटी कळलं, की प्रथिन ओळखायला आम्ही जे रसायन वापरत होतो, ते भलत्याच प्रथिनाला चिकटत होतं. आता ज्यांच्या हाताखाली शिकायचं, त्यांनाच ‘तुमचा शोध चुकला’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तरी सांगितलं. मॅडम बरेच दिवस तोच प्रयोग स्वतः करत राहिल्या. मग बोलावून म्हणाल्या, “तू बरोबर आहेस. आता हे मलाच सगळ्यांना सांगायला हवं.”

हितचिंतकांनी गप्प राहण्याचा सल्ला दिला. मॅडमनी तो मानला नाही, छापलेला शोधनिबंध आपणहून मागे घेतला. अनुदान थांबलं. माणसं सोडून गेली. मॅडम इथे घरी येऊन राहिल्या. आईला त्यांनी स्पष्ट सांगितलं, की तुझ्या हाताचं औषध आता तुझ्या हयातीत होईलसं वाटत नाही. आवडाबाई वाल सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “माझा न्हाय तर न्हाय. पुढच्या बायांचा हात थांबव. हितं बसून काय व्हनार हाय?”

मॅडम परतल्या त्या एक प्रश्न घेऊन. रसायन चिकटत होतं ते भलतं प्रथिन तरी कोणतं? कारण आजारी पेशींत त्याचंच प्रमाण बिघडलेलं दिसत होतं. त्यात कित्येक वर्षं गेली. दुसऱ्यांची यंत्रं मागून आणून काम केलं, आणि ते सापडलं. या वेळी छापण्याआधी मॅडमनी निकाल इतर प्रयोगशाळांना पाठवले, यातली चूक काढा म्हणून. कुणालाच ती सापडली नाही. आज त्यावर औषधाच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. यश येणारच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मॅडम इथेच बसल्यात, त्यांना चालायचं नाही.

पुढे मी एकदा विचारलं, की मी चूक दाखवली तेव्हा माझा राग आला होता का? म्हणाल्या, “आला की. फार आला. पण प्रयोग तुझा बरोबर होता.”

मला इथे बोलायला उभं केलंत, काशीदकरांचे मनापासून आभार. बोलण्यात काही राहिलं असेल, जास्त झालं असेल, तर घरच्या मुलीचं समजून पोटात घाला. मॅडम, तुम्ही मात्र माझी प्रयोगातली चूक पोटात घालू नका. फोन करा.