उरलेलं कुणी संपवायचं?

मंडळी, गोष्टीआधी एक प्रश्न! अन्न टाकू नये — कबूल? हं, माना डोलल्या! मग आता सांगा, पोट भरलेल्याच्या तोंडात कोंबलेलं अन्न — ते सत्कारणी लागलं, की वाया गेलं? असू द्या, उत्तर शेवटी द्या. पेटीवाले, सूर धरून ठेवा. ऐका.

बार्शीत कुलथ्यांचं घर. माणसं चार — आजोबा, त्यांचा मुलगा हेमंतराव, सून वर्षाताई आणि दहा वर्षांची नात केतकी. करोनाचा काळ. शाळा बंद, बागेला कुलूप, जिन्यात उभं राहिलं तरी शेजारी ओरडायचे! अशा वेळी हेमंतरावांना काय सुचावं? स्वयंपाक! जन्मात कधी चहा केला नव्हता — आता मोबाइल डब्याला टेकवून जिलब्या! आज जिलबी, उद्या पिझ्झा, परवा रव्याचा केक. हसू नका, तुमच्यातले निम्मे तेच करत होते!

बरं, करायचं किती? परातभर! वर्षाताई दोन घासांत म्हणायच्या, "बास बाई!" हेमंतराव तळणीच्या वासानंच दमलेले. उरायचं. मग आजोबांचा आवाज — "या घरात अन्न टाकायचं नाही. केतकी, संपव गं बाळ!" केतकी संपवायची. "शहाणी माझी नात!" पाठीवर हात! शाळा मोबाइलवर, मैत्रिणी मोबाइलवर. पोरीला शाबासकी मिळायची ती एवढ्याच वेळी.

दिवाळीचा नवा फ्रॉक खांद्यातच अडकला. गच्चीचा जिना चढताना पोर मध्येच बसायला लागली. वर्गातलं कुणीतरी काहीतरी बोललं, तेव्हापासून तिनं मोबाइलचा कॅमेरा बंद ठेवला. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "वजन फार वाढलंय. आत्ताच सावरा, नाहीतर एवढ्याशा वयात साखरेचं दुखणं मागे लागेल."

झालं! घरात सभा भरली. ठराव काय? "उद्यापासून केतकीला पथ्य!" कुणाला? केतकीला! कढई तीच, हेमंतराव तेच, जिलब्या त्याच — आणि पोरीपुढे काकडी! वा रे न्याय!

दोन दिवस गेले. पुन्हा परात उरली. आजोबा सवयीनं बोलून गेले, "केतकी, संप—" आणि थांबले. सगळे परातीकडे बघताहेत. परातीनं कुणाकडे बघावं?

वर्षाताई चिडल्या. "तिला कशाला हाक मारता? खा खा करूनच ही वेळ आलीय तिच्यावर!"

केतकी हळूच म्हणाली, "आई, मला भूक नसायची."

"मग खायचीस कशाला?"

"आजोबा शहाणी म्हणायचे ना, म्हणून."

थांबा. झांज नको आत्ता.

आजोबा कडक माणूस. कुणापुढे मान न झुकवणारा. त्यांना त्या दिवशी फार लाज वाटली. म्हणाले, "अन्न टाकत नाही म्हणून मिरवत होतो मी. टाकतच होतो की — नातीच्या पोटात!" मग मुलाकडे वळले. "हेमंता, ती कढई माळ्यावर टाक."

दुसऱ्या दिवसापासून चौघांच्या ताटात एकच — भाकरी, भाजी, आमटी. लागेल तेवढंच रांधायचं. संध्याकाळी गच्चीवर लंगडी! पंच आजोबा. पहिल्याच डावात धापा कुणाला लागल्या? हेमंतरावांना! केतकी पोट धरून हसली. किती महिन्यांनी हसली, ते तिच्या आईलाच ठाऊक.

वजन किती उतरलं म्हणता? मी काही काटा घेऊन गेलो नव्हतो! हळूहळू उतरलं. पण शाळा उघडली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोर मध्ये न बसता चढून गेली. एवढं मला पुरे.

आता तुमच्याकडे येतो. मागे बसलेले, उठू नका! आज प्रसादाला शिरा आहे, वास इथवर आलाय. मंडळाच्या लोकांनी पातेलं भरून केलाय, म्हणजे उरणार. उरला, की शेजारच्या पोराच्या द्रोणात ओतायला तुमचा हात जाईल. जाऊ देऊ नका! आधी विचारा, "बाळ, भूक आहे का?" आणि बाळ नको म्हणालं — तर मंडळी, तेव्हाही त्याच्या पाठीवर हात ठेवा. तेव्हाही त्याला शहाणं म्हणा.